मिशीच्या कडेनं येणारी हवा

दादा, आज मी एका माणसाला नापास केलं आणि तेव्हापासून तुमच्याशी भांडायला बसले आहे. भांडण तुमच्याशी आहे की माझं माझ्याशीच, ते अजून ठरलेलं नाही. तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. तुम्ही होता तेव्हाही लिहिली नव्हती, कारण तुम्ही कायम समोरच असायचात आणि माझं तोंड तर तुम्हाला माहीतच आहे, कागदाची गरजच पडली नाही कधी. आज मात्र कारखान्यातल्या माझ्या टेबलावर डबा तसाच बाजूला सारून, तपासणीच्या जुन्या फॉर्मांच्या कोऱ्या बाजूला लिहिते आहे. दुपारच्या सुट्टीत या खोलीत कुणी फिरकत नाही. सगळे लिंबाखाली भाकरी खायला जातात.

मी काय काम करते ते तुम्हाला नीट सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही खाटेवर होता आणि भेटायला येईल त्याला सांगायचात, ‘पोरगी सेफ्टी शिकून राह्यली.’ सेफ्टी म्हणजे नेमकं काय, ते तुम्हालाही ठाऊक नव्हतं आणि खरं सांगू, मलाही. आता जालन्यातल्याच एका बियाण्याच्या कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. तुम्ही होता तो नव्हे, दुसरा. पण फाटकातून आत आलं की वास तोच, बियाण्याला चोळायच्या औषधाचा, जरा गोडसर, जरा रॉकेलसारखा, नाकात शिरला की संध्याकाळपर्यंत न जाणारा. तुमच्या वेळची ती सुटी लाल पावडर आता गेली. औषध पातळ असतं, ड्रम बंद असतो, धूळ ओढायला छतापर्यंत पाईप आहेत. तरीपण ड्रमच्या आत वाळून बसलेला थर खरवडायला माणूस लागतोच, आणि तो आत जाताना त्याच्या तोंडावर मास्क असतो. तो मास्क नीट बसला आहे की नाही, हे बघणारी मी.

बघायची पद्धत तुम्हाला आवडली असती. माणसानं मास्क घातला की त्याच्या डोक्यावरून एक पारदर्शक पिशवीसारखी टोपी सोडायची आणि तिच्या भोकातून आत गोड पाण्याचा फवारा मारायचा. मग त्यानं मान डावीकडे-उजवीकडे वळवायची, वर-खाली करायची, मोठ्यानं बोलायचं. जिभेला गोड लागलं तर मास्क कुठून तरी हवा घेतो आहे, म्हणजे नापास. काहीच लागलं नाही तर पास. गोड लागलं म्हणजे वाईट, हे आपल्या माणसांच्या गळी उतरवता उतरवता माझा घसा बसतो. माझ्या पहिल्याच वर्षी एकजण टोपीतून बाहेर आला तो खुशीत, ‘म्याडम, लई गोड लागलं, मी पास!’ आता हसू की रडू?

आज नापास केले ते काका मूळचे शहागडचे. साठीला दोन वर्षं कमी आहेत, ट्रीटमेंटच्या मशीनवर वीस वर्षं झाली. मशीनचा आवाज जरा बदलला की पलीकडच्या शेडमधून ओळखतात. आणि मिशी, दादा! तुमच्याच वळणाची. ओठावरून निघून गालांवर चढलेली आणि टोकाला पीळ. आजवर मशीनवाल्यांचं कागदी मास्कवर भागत होतं, रबरी फक्त ड्रममध्ये उतरणाऱ्यांना; यंदा सगळ्यांनाच रबरी मास्क आले, त्यामुळे काका पहिल्यांदाच माझ्या टोपीखाली आले. मी फवारा मारला आणि म्हटलं, बोला काका, घरचं काहीही बोला. ते आतून बोलू लागले, ‘माझा बाप नव्वदीचा हाये, म्याडम. गावाकडं ऱ्हातो थोरल्या भावापाशी. आजूक सकाळी पायी गोदावरीपस्तोर जाऊन येतो. काठी न्हाई, काही न्हाई...’ आणि तेवढ्यात त्यांचा घसा हलला. आवंढा गिळला त्यांनी.

‘काय लागलं का काका?’

‘न्हाई.’

‘काका, माझ्याकडं बघा.’

‘न्हाई म्हनलं की बिलकुल. घ्या लिहून.’

मी टोपी काढली, मास्क काढला आणि त्यांच्यासमोर नुसती उभी राहिले. मग ते म्हणाले, ‘वाईच लागलं.’ मी त्यांना आरशात दाखवलं. रबर कातडीवर बसायला पाहिजे, ते मिशीच्या टोकांवर बसत होतं, आणि केसांतून हवा सरळ आत जात होती. सगळी काढायची गरज नव्हती. गालावरचे दोन कोपरे, दोन-दोन बोटं, बस्स. काकांनी मानच हलवली. ‘म्याडम, बाप जित्ता असताना मिशीला कात्री लावत न्हाईत आमच्यात. बाप गेल्यावरच ती उतरवायची. उद्या गावात उतरलो तर लोक इचारतील, म्हातारा कवा गेला? आन् खुद्द म्हाताऱ्यानं बघितलं तर?’ मी म्हटलं, दोनच बोटं. ते म्हणाले, ‘दोन बोटं काय न् समदी काय, कापली ती कापली.’

नुसत्या पंख्याच्या हवेवर चालणारी, डोक्यावरून घ्यायची एक टोपी मिळते, तिला मिशी-दाढी काही चालतं. दोनदा मागणी लिहून दिली आहे, ऑफिस म्हणतं पुढच्या हंगामात बघू. पुढच्या हंगामापर्यंत काकांनी श्वास रोखून धरायचा का? मी चिडले. म्हटलं, मग सोमवारपासून पॅकिंगला जा, मशीनवर नाही. आणि त्यांच्यासमोर फॉर्मवर ‘नापास’ लिहिलं. वीस वर्षांचं मशीन एका शब्दात काढून घेतलं मी त्यांच्याकडून. ते उठले. दारात थांबून म्हणाले, ‘तुमच्या वडलांनी तरी कुठं काढली? तुमीच सांगता की दरसाल. हट्टाचा गडी व्हता तुमचा बाप. आपन तर मानलं.’

आणि मी, दादा, गप्प बसले. मी!

कारण ते खरं बोलत होते. दर वर्षी नव्या माणसांना शिकवताना मी तुमची गोष्ट सांगते. माझे वडील बियाण्याच्या कारखान्यात होते, साहेबानं चांगला मास्क दिला, पण मिशीपायी तो बसला नाही, हट्टी माणूस, मिशी काही काढली नाही, आणि मग छाती गेली. सगळे चूप होऊन ऐकतात. माझ्या शिकवण्यातला तोच भाग लोकांच्या ध्यानात राहतो. पण ती गोष्ट सांगताना मी मधली एक जागा कायम उडी मारून जाते, आणि त्या उडीमुळे आज एक चांगला माणूस तुमच्यासारखा व्हायला निघाला आहे.

तुम्ही कामावरून येताय. सायकल भिंतीला टेकवलेली, चपला बाहेर. आई आधीच मोरीत बादली भरून ठेवते, कारण अंघोळ होईपर्यंत तुम्ही आम्हाला शिवत नाही. मोरीतून पाणी बाहेर येतं ते गुलाबी. मी त्या पाण्यात कागदाच्या होड्या सोडते आणि आई माझ्या पाठीत धपाटा घालते, ‘विषारी हाये ते, मेले!’ मग तुम्ही ओले केस पुसत चौकटीत बसता आणि कागदाची पुडी काढता. रोज सुटताना मुकादम प्रत्येकाला गुळाचा खडा द्यायचा. गूळ खाल्ला की घशातली धूळ पोटात जाते आणि छाती साफ राहते, असं सगळ्यांना वाटायचं. तुम्हालाही वाटायचं. तरी तुम्ही तो न खाता माझ्यासाठी आणायचात. आता मी शिकले आहे की घशाचा रस्ता वेगळा आणि फुप्फुसाचा वेगळा, गुळानं तिथं काही होत नाही. हे मी माणसांना चित्र काढून समजावते. पण लहानपणी तुम्ही खोकलात की मला वाटायचं, मी तुमचं औषध खाऊन टाकते आहे, आणि तरीही मी ते खायचे. फार चांगला होता तो गूळ.

मग तो मास्क आला. मी नववीत होते. नव्या साहेबानं ट्रीटमेंटच्या चार माणसांना चार मास्क दिले, काळं रबर आणि दोन बाजूंना दोन डब्या. तुम्ही तो खोक्यासकट घरी आणलात, आम्हाला दाखवायला. मी तो तोंडाला लावून आईच्या मागं जाऊन उभी राहिले आणि आई ‘अगं माय!’ म्हणून अशी दचकली की हातातलं पिठाचं भांडं सांडलं. तुम्ही हसून हसून खोकायला लागलात. मग तुम्ही घातला, तर दोन्ही बाजूंनी मिशीची टोकं बाहेर! शेजारची माणसं बघायला आली. तेव्हा तुम्हीच सांगितलंत, साहेब म्हणून राह्यला की ही टोकं काढा, नसता मास्काचा काही उपेग न्हाई.

मिशीचं मला सगळं ठाऊक होतं. तुम्ही कितीदा सांगितलं होतं. भोकरदनच्या पुढं आपल्या गावी आजोबांनाही अशीच मिशी होती, पण मोठ्या घरांच्या ओट्यांपुढून जाताना ते तिची टोकं थुंकी लावून खाली बसवायचे. पीळ द्यायची आपल्या लोकांना सोय नव्हती. तुम्ही लहान असताना त्यांचा हात धरून चालायचात आणि ते दुसऱ्या हातानं मिशी खाली करायचे, हे तुम्ही बघितलं होतं. जालन्यात कामाला लागल्यावर तुम्ही पहिली गोष्ट कुठली केली असेल तर मिशी वाढवली. जयंतीच्या मिरवणुकीत पांढराशुभ्र शर्ट घालून, मिशीला पीळ देऊन तुम्ही पुढं चालायचात तेव्हा मला वाटायचं, सगळा रस्ता तुमचाच आहे.

आता ती उडी मारलेली जागा. रविवार होता. तुम्ही दाराच्या उजेडात बसला होता, एका हातात आरसा आणि दुसऱ्या हातात आईची शिवणाची छोटी कात्री. मी उंबऱ्यावर बसून भूगोलाचे नकाशे रंगवत होते. तुम्ही एक टोक बोटात धरलं, कात्री जवळ नेली आणि थांबलात. मग माझ्याकडं बघून विचारलंत, ‘काढू का गं माय?’

थट्टेनं नाही विचारलंत. आईला नाही विचारलंत. मला विचारलंत, कारण घरात शिकलेली मी होते आणि तुम्हाला वाटायचं की पुस्तक वाचणाऱ्याला सगळं कळतं. मी हातातला रंग खाली न ठेवता म्हणाले, ‘न्हाई दादा. मिशी काढली तर तुम्ही दादा दिसणारच न्हाई.’ तुम्ही जरा वेळ आरशात बघितलंत. मग म्हणालात, ‘बराबर,’ आणि कात्री आईच्या डब्यात टाकलीत. तुमच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी आजही सांगू शकते. तुम्ही खूश झाला होता. मीही खूश झाले होते. आपण दोघांनी मिळून जगाला हरवलं, असं मला वाटलं होतं.

मास्क तुम्ही वापरलात, टाकून नाही दिलात. उलट फट राहू नये म्हणून मिशीवर ओली दस्ती बांधून तिच्यावरून मास्क चढवायचात, आणि ही युक्ती बाकीच्या तिघांनाही शिकवलीत. कापडावरून मास्क घातला की तो मुळी बसतच नाही, हे आज मी पहिल्याच तासाला सांगते. मास्क धुवायचं काम माझं होतं. संध्याकाळी मी तो ओल्या फडक्यानं आतून पुसायचे आणि फडकं गुलाबी व्हायचं. दादा, आतून. रोज. मी नववीत होते, विज्ञानात मला पंचाहत्तर मार्क होते, आणि बाहेरची धूळ मास्कच्या आत कशी आली हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. मी फडकं पिळायचे आणि मास्क खिळ्याला लटकवायचे.

नंतरचं तुम्हाला माहीतच आहे. आधी जिने, मग सायकल, मग मोरीपर्यंत चालणं. डॉक्टर म्हणाले बिडीही असेल, धूळही असेल, एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. शेवटच्या आठवड्यात संभाजीनगरच्या दवाखान्यात तुमच्या तोंडावर हवा दाबून देणारा मास्क लावला आणि मशीन सारखं ओरडू लागलं. कडेनं हवा सुटत होती. ब्रदर म्हणाला, मिशीमुळं बसत नाही, काढावी लागेल. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. या खेपेला विचारायला तुमच्याकडं श्वास नव्हता. त्यानं दोन मिनिटांत उतरवली, आणि मशीन शांत झालं. तुमचा हात वर आला, मास्कच्या रबरावरून मिशी चाचपत राहिला. मग रात्रीची पाळी बदलताना तुमचा मास्क जरासा काढला तेव्हा मी तुमचं तोंड नीट बघितलं. इतकी वर्षं मी ज्याला घाबरले होते तसं काही नव्हतं. तुम्ही दादाच दिसत होता. जरा तरुण, जरा थकलेले, पण दादाच.

इथपर्यंत गुरुवारी लिहिलं होतं. सुट्टी संपल्याची घंटा झाली, कागद ड्रॉवरमध्ये टाकले. आज सोमवार.

सकाळी मी यायच्या आधीच काका माझ्या खोलीबाहेर उभे होते. तोंडाला दस्ती गुंडाळलेली. मला वाटलं भांडायला आले. आत येऊन त्यांनी दस्ती सोडली, तर मिशी साफ! दोन बोटं नाही, सगळीच. ओठावरची कातडी इतकी गोरी की जणू दुसऱ्याच कुणाची आणून लावली आहे. माझ्या तोंडून ‘अय्या, काका!’ निघून गेलं. ते लाजले, खरंच लाजले.

‘गावाकडं गेल्तो,’ ते म्हणाले. ‘बापाला इचारलं. म्हनलं, आसं आसं हाये, म्याडम न्हाई म्हनून राह्यली. बाप म्हनला, मी जित्ता हाये का मेलो ते तुझी मिशी सांगनार व्हय? मला म्हाईत हाये की मी जित्ता हाये. काढ जल्दी. मंग न्हाव्यापुढं सोता येऊन बसला माझ्या बाजूला. म्हनला, बारका असताना आसाच दिसायचास. आन् हसला, म्याडम. लई हसला.’

मी त्यांना मास्क घातला, टोपी सोडली, फवारा मारला. मान डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. बोला काका. ते पुन्हा बापाविषयीच बोलले, न्हाव्याविषयी, गावातल्या कुणीतरी खरोखरच ‘म्हातारा गेला का?’ विचारल्यावर म्हाताऱ्यानंच घरातून ओरडून दिलेल्या शिवीविषयी. घसा हलला नाही. काय लागलं? ‘काहीच न्हाई.’ नीट सांगा. ‘देवाशप्पथ, काहीच न्हाई.’ मी फॉर्मवर ‘पास’ लिहिलं.

जाताना दारात थांबायची त्यांना सवयच आहे. म्हणाले, ‘म्याडम, एक इचारू? तुमच्या वडलांनी कुनाला इचारलं न्हाई का? इचारलं आसतं तर कुनीबी सांगितलं आसतं की, काढा म्हनून.’

मी म्हटलं, ‘विचारलं होतं. मला.’

एवढंच. सोळा वर्षांत पहिल्यांदा ते तीन शब्द माझ्या तोंडून निघाले, तेही एका परक्या माणसापुढं. काकांनी पुढं येऊन माझ्या टेबलावर आपली दस्ती ठेवली, डोळे पुसायला, आणि मशीनकडे गेले.

दादा, यंदापासून शिकवताना तुम्हाला हट्टी म्हणणार नाही. तुम्ही तयार होता, हे सांगेन. मास्क आतून गुलाबी व्हायचा, तेही सांगेन, आणि तो कोण पुसायचं तेही. हे कागद कुठं पाठवायचे असतात ते मला माहीत नाही. घरी आईच्या शिवणाच्या डब्यात ठेवीन म्हणते. ती छोटी कात्री अजून त्यातच आहे, आणि आजपर्यंत मी तिनं साधा दोराही कापलेला नाही.

तुम्ही विचारलं होतं ना, काढू का गं माय? काढा दादा. काही होत नाही, तुम्ही दादाच दिसता.